सावधान-विश्राम

मी आयुष्यभर मुलांना सरळ उभं राहायला शिकवलं. १९८० साली बी.पी.एड. होऊन कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमाच्या शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून लागलो आणि २०१३ साली तिथूनच निवृत्त झालो. क्रीडाशिक्षकाला शाळेत वर्षभर कुणी विचारत नाही. परीक्षा जवळ आली की त्याचा तास गणिताला जातो, पाऊस लागला की इंग्रजीला. पण १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी हे दोन दिवस त्याचे असतात. पांढरी फक्की मारून रांगा आखायच्या, झेंड्याची गाठ आदल्या संध्याकाळी तपासायची, आणि सकाळी सातशे मुलांना एका आवाजात थिजवायचं. 'सावधान!' माझा आवाज मोठा होता. एवढ्या मुलांच्या टाचा एकदम जुळल्याचा आवाज आला की छाती भरून यायची.

या लेखात मला एका अमेरिकन बास्केटबॉल खेळाडूची गोष्ट सांगायची आहे. पण ती सांगताना माझ्या शाळेतल्या एका मुलाची गोष्ट सांगावीच लागेल, आणि ती सांगायला मला आजवर धीर झाला नव्हता.

बास्केटबॉल माझ्या वाट्याला नागपाड्याने आणला. अब्बा गोदीत कामाला होते, आम्ही नागपाड्यात एका खोलीत राहायचो. मुंबईत इतर मोहल्ल्यांतली पोरं क्रिकेट खेळायची, नागपाड्यातली बास्केटबॉल. हा खेळ १८९१ साली अमेरिकेत वायएमसीएच्या एका प्रशिक्षण शाळेत जन्मला आणि वायएमसीएबरोबरच आपल्याकडे आला. मस्तान तलावाच्या मैदानावर संध्याकाळी जी गर्दी व्हायची, ती पाहून बाहेरचा माणूस चकित व्हायचा. आमच्या डोळ्यांसमोर वाढलेले अब्बास मुंतसिर भारताकडून खेळले, कर्णधार झाले. १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. पुरस्कार घरातच आल्यासारखा सगळा मोहल्ला वागत होता.

मीही कॉलेजच्या संघातून खेळलो. पण आपल्याकडे कॉलेजनंतर या खेळाचं काय होणार? रेल्वेत, पोलिसांत किंवा बँकेत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली तर चार वर्षं अधिक खेळायचं. मला तीही लागली नाही. मग शिट्टी गळ्यात घालून कोकणात परत आलो. बास्केटबॉलमधलं माझ्याजवळ उरलं ते एकच: चेंडू रिंगला न लागता सरळ जाळीतून गेला की जो 'सप्प' असा आवाज होतो, त्याची आठवण. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला वेगळं सांगायला नको. रिंगला लागून आत गेलेल्या चेंडूचेही गुण तेवढेच मिळतात, पण ते समाधान मिळत नाही.

आता त्या मुलाकडे येतो. त्याचं नाव सांगत नाही.

१९९३ साली तो आठवीत होता. आमच्याच मोहल्ल्यातला. बाप वारलेला, आई शिवणकाम करायची. मुलगा हुशार नव्हता आणि ढही नव्हता, पण त्याला एक खोड होती. तेव्हा आम्ही तिला खोडच म्हणायचो. डोळे मिचकावायचा, मान एका बाजूला झटकायचा, आणि मधूनच घशातून 'हुं' असा आवाज काढायचा. वर्गात मुलं त्याची नक्कल करायची. शिक्षक त्याला बाकावर उभं करायचे. आईने दर्ग्यावर नेलं, तावीज बांधला. दोन दिवस थांबायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

२६ जानेवारी १९९३. ही तारीख वाचणाऱ्यांपैकी ज्यांचं वय पन्नाशीपुढे आहे, त्यांना तो महिना आठवत असेल. ६ डिसेंबर होऊन दीडच महिना झाला होता. मुंबई दोनदा पेटून नुकती विझत होती. नागपाड्यातल्या माझ्या थोरल्या बहिणीची खुशाली कळायला आठ दिवस लागले होते. आमच्या गावात काही झालं नाही. पण काही न झालेल्या गावातही बोलणं कमी झालं होतं. स्टाफरूममध्ये मी गेलो की विषय बदलायचा. त्या वर्षी मी ध्वजवंदनाची तयारी जरा जास्तच केली. फक्कीच्या रेघा दोनदा मारल्या.

राष्ट्रगीत सुरू झालं. मैदान स्तब्ध. आणि आठवीच्या रांगेतून 'हुं' असा आवाज आला. मग पुन्हा. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्याची मान झटके देत होती. जितकी तो दाबून धरत होता तितकी ती उसळत होती. व्यासपीठावर पाहुणे होते, संस्थेचे लोक होते. ते मुलाकडे पाहताहेत की माझ्याकडे, हे मला कळेना. बावन्न सेकंदांचं राष्ट्रगीत मला इतकं लांब कधी वाटलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याला क्रीडासाहित्याच्या खोलीत नेलं आणि दोन थपडा मारल्या. जोरात मारल्या. "आजच्याच दिवशी? आपल्याच पोराने?" असं काहीतरी मी म्हणालो. त्यातला 'आपल्याच' हा शब्द मला नंतर बरीच वर्षं टोचत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. म्हणाली, "सर, तो मुद्दाम नाही करत." मी म्हणालो, "मग ध्वजवंदनाला पाठवू नका त्याला." तिने मान हलवली. त्यानंतर दहावी होईपर्यंत तो मुलगा एकाही १५ ऑगस्टला किंवा २६ जानेवारीला शाळेत आला नाही. मला बरं वाटलं. प्रश्न सुटला होता.

तीन वर्षांनी, मार्च १९९६ मध्ये, विश्वचषक क्रिकेट आपल्याकडे चालू होता. ९ मार्चला बंगळुरात भारत-पाकिस्तान सामना झाला. त्या दिवशी आपल्यापैकी किती जणांनी भारताच्या विजयानंतर खिडक्या उघड्या ठेवून टाळ्या वाजवल्या, शेजारी ऐकू जावं म्हणून, हे ज्याचं त्याला ठाऊक. मी वाजवल्या. आनंद खरा होता, आवाज थोडा वाढवलेला होता. त्याच आठवड्यात वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर, क्रिकेटच्या गर्दीत, कोपऱ्यात एक छोटी बातमी होती. राष्ट्रगीताला उभं राहायला नकार दिल्याबद्दल अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमधून एक खेळाडू निलंबित. नाव महमूद अब्दुल रऊफ.

स्टाफरूममध्ये एक सहकारी हसत म्हणाले, "सर, तुमची माणसं तिकडेही उभी राहत नाहीत वाटतं." बोलणं थट्टेचं होतं. मीही हसलो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "चूकच आहे त्याची. देशाचं खातो, तर उभं राहायला काय होतं?" चहा आला. विषय संपला.

तो माणूस कोण, काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दोनेक वर्षांनी आखातात नोकरी करणारा माझा भाचा सुट्टीवर आला. मामूला खेळाचं वेड म्हणून त्याने जुन्या इंग्रजी क्रीडामासिकांचा गठ्ठा आणला. त्यात या खेळाडूवरचा एक लेख होता. डिक्शनरी घेऊन मी तो दोन रात्रींत वाचला. पुढे इंटरनेट आलं तसं आणखी कळत गेलं.

त्याचं मूळ नाव ख्रिस जॅक्सन. जन्म १९६९ चा, मिसिसिपी राज्यातल्या गल्फपोर्ट या किनाऱ्यावरच्या गावी. बाप ठाऊक नाही. आईने एकटीने तीन मुलं वाढवली. कधी कधी घरात खायला पुरेसं नसायचं. या मुलाला लहानपणापासून एक त्रास होता. डोळे मिचकावणं, मान झटकणं, अंगाला हिसके बसणं, तोंडून अचानक आवाज निघणं. शाळेत तो मागे पडला, त्याला वेगळ्या वर्गात बसवलं गेलं. सतरा वर्षांचा होईपर्यंत कुणालाच त्याचं कारण कळलं नाही. मग डॉक्टरांनी सांगितलं: टुरेट सिंड्रोम. हा मज्जासंस्थेचा विकार. माणूस हे मुद्दाम करत नाही. दाबून धरलं तर थोडा वेळ थांबतं, मग दुप्पट जोराने उसळतं. ताण वाढला की वाढतं. आणि मन एखाद्या कामात पूर्ण बुडालं की पुष्कळदा कमी होतं.

तिथे मी मासिक मिटलं. दोन थपडा माझ्या हातात परत आल्या.

त्या रात्री मी पुढे वाचू शकलो नाही. दुसऱ्या रात्री वाचलं.

टुरेटबरोबर त्याला आणखी एक गोष्ट चिकटली होती. कुठलीही क्रिया मनासारखी होईपर्यंत पुन्हा पुन्हा करायची. बुटाची नाडी पुन्हा बांधायची, दार पुन्हा लावायचं. बास्केटबॉलच्या सरावातही तेच. चेंडू नुसता रिंगमध्ये गेला की त्याचं भागत नसे. तो जाळीतून सप्पकन, हवा तसाच आवाज करत जायला हवा, आणि तसं लागोपाठ ठरलेल्या वेळा व्हायला हवं. एकदा चुकलं की पहिल्यापासून मोजणी. या नादात तो तासन्‌तास मैदानावर असायचा. ज्या गोष्टीने त्याला शाळेत मागे ढकललं, तिनेच त्याचा हात घडवला. मी नागपाड्यात फक्त त्या आवाजाच्या मोहात पडलो होतो. तो त्या आवाजाचा कैदी होता.

१९८८ साली तो लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेला. उंची सहा फूट एक इंच, म्हणजे या खेळात बुटकाच. अमेरिकेत कॉलेजचा बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसारखं प्रकरण नव्हे. सामन्यांना हजारोंची गर्दी, देशभर दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण. त्या गर्दीसमोर पहिल्याच वर्षी या पोराने सामन्यामागे सरासरी ३०.२ गुण केले. एका सामन्यात ५५ केले. पहिल्या वर्षाच्या कुठल्याही विद्यार्थ्याने तोवर असं काही केलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्याच संघात शकील ओनील नावाचा सात फुटी मुलगा आला. त्याचं नाव पुढे जगाला कळलं. पण त्या दिवसांत लोक तिकीट काढायचे ते ख्रिस जॅक्सनसाठी.

त्या विद्यापीठाचे प्रशिक्षक डेल ब्राउन यांनी त्याला एक पुस्तक वाचायला दिलं. माल्कम एक्सचं आत्मचरित्र. ख्रिश्चन गोऱ्या प्रशिक्षकाने काळ्या ख्रिश्चन मुलाला दिलेलं हे पुस्तक त्याला कुठे घेऊन जाईल, हे तेव्हा दोघांनाही कळलं नसेल.

दोन वर्षांनी त्याने कॉलेज सोडलं. तिकडे व्यावसायिक संघ दरवर्षी कॉलेजातून आलेल्या मुलांची क्रमाने निवड करतात. १९९० साली संपूर्ण देशातून त्याचा क्रमांक तिसरा लागला. डेन्व्हर शहराच्या संघाने त्याला घेतलं. घरात अन्नाची वानवा पाहिलेला एकवीस वर्षांचा मुलगा एका सहीने लक्षाधीश झाला. पण पहिली दोन वर्षं फसली. वजन वाढलं, खेळ घसरला, पैसे वाया गेले असं लोक बोलू लागले.

याच काळात, १९९१ मध्ये, त्याने इस्लाम स्वीकारला. १९९३ मध्ये नाव बदललं. रऊफ हे अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांपैकी एक, अतिशय दयाळू असा त्याचा अर्थ, हे आपल्याला सांगायला नको. त्याने शरीर आटोक्यात आणलं आणि १९९२-९३ च्या मोसमात सरासरी १९.२ गुण केले. त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक प्रगती करणारा खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला. पुढच्या मोसमात त्याने फ्री थ्रोमध्ये कमाल केली. प्रतिस्पर्ध्याने आगळीक केली की पंधरा फुटांवरच्या रेषेवरून, समोर कुणी आडवा नसताना, एकट्याने चेंडू टाकायचा असतो, तो फ्री थ्रो. सोपा वाटतो. पण हजारो लोक ओरडत असतात आणि करायला आपल्याशिवाय कुणी नसतं. त्या मोसमात २२९ पैकी २१९ त्याने टाकले. दहा चुकले. ज्याचं शरीर त्याच्या हुकमात नाही असं जग म्हणत होतं, त्या माणसाचे हे आकडे आहेत. त्याच वर्षी आठव्या क्रमांकाच्या डेन्व्हरने पहिल्या क्रमांकाच्या सिअ‍ॅटलला बाद फेरीत हरवलं. लीगच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं.

४ फेब्रुवारी १९९६ ला मायकेल जॉर्डनचा शिकागो संघ डेन्व्हरला आला. त्या मोसमात शिकागो ८२ सामन्यांपैकी फक्त १० हरला. त्या दहांतला एक हा. अब्दुल रऊफने ३२ गुण केले. तो रमजानचा महिना होता.

आणि पाचच आठवड्यांनी ती बातमी आली, जी मी स्टाफरूममध्ये वाचली होती.

तिकडे प्रत्येक सामन्याआधी राष्ट्रगीत होतं. त्या मोसमात अब्दुल रऊफ तेव्हा खोलीतच थांबायचा किंवा बाजूला अंग मोकळं करत राहायचा. त्याने कुठे जाहीर केलं नाही, घोषणा दिली नाही. कित्येक महिने कुणाच्या लक्षातही आलं नाही. मार्चमध्ये ते चर्चेत आलं, पत्रकारांनी विचारलं आणि त्याने खरं ते सांगितलं. हा झेंडा अनेकांसाठी जुलमाचंही प्रतीक आहे, या देशाचा इतिहास तसा आहे, आणि माझी निष्ठा अल्लाहपाशी असताना मी त्यासमोर असा उभा राहू शकत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. मिसिसिपीत वाढलेल्या काळ्या मुलाला जुलूम पुस्तकातून शिकावा लागत नाही. १२ मार्चला लीगने त्याला निलंबित केलं. खेळाडूंनी राष्ट्रगीताला अदबीने उभं राहिलं पाहिजे असा नियम होता. चुकणाऱ्या प्रत्येक सामन्यामागे त्याचे ३१,७०७ डॉलर जाणार होते.

एकच सामना चुकला. मग तडजोड निघाली. तो उभा राहील, पण मान खाली घालून दुआ मागेल. १५ मार्चला शिकागोत तो उभा राहिला, दोन्ही तळवे चेहऱ्यासमोर धरून. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. म्हणजे बसला तेव्हा शिव्या, उभा राहिला तेव्हाही शिव्या. त्याच दिवसांत डेन्व्हरमधल्या एका मशिदीत एका रेडिओ केंद्राची माणसं घुसली आणि तुतारीवर राष्ट्रगीत वाजवू लागली. हा त्यांना विनोद वाटला होता. नमाजासाठी आलेल्या, या खेळाडूला कदाचित कधी भेटलेही नसतील अशा लोकांना त्याचा जबाब द्यावा लागला.

हे वाचताना मला हसू आलं नाही. एकाने काही केलं की बाकीच्यांनी जबाब द्यायचा, हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. त्या २६ जानेवारीला मी तोच हिशेब मनात करत होतो. मुलाची मान हलली तर जबाब मला द्यावा लागेल, मोहल्ल्याला द्यावा लागेल. मला वाटलं होतं, मी त्याला शिस्तीसाठी मारलं. खरं तर मी घाबरलो होतो, आणि माझी भीती मी त्याच्या गालावर काढली.

अब्दुल रऊफचं बरोबर की चूक, यावर मुसलमानांतही एकमत नव्हतं. कॉलेजातूनच व्यावसायिक लीगमध्ये गेलेला त्या काळचा सर्वांत मोठा मुस्लिम खेळाडू हकीम ओलाजुवान. जन्माने नायजेरियन, ह्यूस्टन विद्यापीठातून आलेला, रोजा ठेवून सामने खेळणारा. त्याने जाहीरपणे सांगितलं की ज्या देशात राहतो त्या देशाचा मान राखावा, हीच इस्लामची शिकवण आहे. माझं मत ओलाजुवानच्या बाजूचं आहे. 'जन गण मन' ऐकताना मला उभं राहावंसं वाटतं. कुणी सांगितलं म्हणून नाही. ते गीत माझं आहे, त्या झेंड्याची गाठ तेहतीस वर्षं मी बांधली आहे.

पण उभं राहणं आणि उभं केलं जाणं, यात फरक आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९८६ सालीच ओळखला. केरळमधल्या एका छोट्या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने काढलं. न्यायालयाने परत घ्यायला लावलं. ती उभी होती, अनादर करत नव्हती, एवढं न्यायालयाला पुरेसं वाटलं. हा निकाल मी बी.पी.एड.ला शिकलो असतो तर! पण तो माझ्या नोकरीच्या सातव्या वर्षी आला आणि शाळेत आम्हाला कुणी सांगितला नाही. आणि सांगून तरी काय? २०१६ साली पणजीच्या एका चित्रपटगृहात राष्ट्रगीताला उभा राहिला नाही म्हणून एका माणसाला मागून फटका बसला. तो चाकाच्या खुर्चीवर वावरणारा माणूस होता. त्याला उभं राहता येतच नव्हतं. मारणाऱ्याने विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं.

अब्दुल रऊफची पुढची गोष्ट लवकर संपते. त्या मोसमात तो डेन्व्हरचा सर्वाधिक गुण करणारा खेळाडू होता, आणि त्याच उन्हाळ्यात डेन्व्हरने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. तिथे हळूहळू मैदानावरचा वेळ कमी झाला. १९९८ मध्ये वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्याला अमेरिकेत जागा उरली नाही. तुर्कस्तानात खेळायला गेला. २०००-०१ मध्ये एक मोसम परत आला, बाकावरच जास्त बसला, आणि लीगचं दार कायमचं बंद झालं. खेळ संपला होता म्हणावं तर पुढे दहा वर्षं तो रशिया, इटली, ग्रीस, सौदी अरेबिया, जपान असा फिरत खेळत राहिला. चाळिशीतही त्याचा नेम तसाच होता. २००१ मध्ये मिसिसिपीतलं त्याचं रिकामं घर जळून गेलं. जाळपोळीचा संशय होता.

कुणी त्याला बंदी घातली नाही, हे लक्षात घ्या. नियमाप्रमाणे तो उभाही राहत होता. फक्त त्याला हळूच नजरेआड केलं गेलं. मला हे नीट समजतं. मीही त्या मुलाला शाळेतून काढलं नव्हतं. "ध्वजवंदनाला पाठवू नका," एवढंच म्हणालो होतो.

२०१६ मध्ये कॉलिन कॅपरनिक या अमेरिकन फुटबॉलपटूने काळ्यांवरील अत्याचारांच्या निषेधात राष्ट्रगीताला उभं राहायचं नाकारलं, तेव्हा लोकांना वीस वर्षांपूर्वीचा तो बुटका नेमबाज आठवला. त्याच्यावर माहितीपट निघाला, त्याने आत्मचरित्र लिहिलं. मुलाखतींत तो पश्चात्तापाची भाषा करत नाही. तक्रारही फारशी करत नाही. २९ फेब्रुवारी २०२० ला त्याच्या जुन्या विद्यापीठाने त्याचा ३५ क्रमांक सन्मानाने निवृत्त केला. म्हणजे आता तो क्रमांक तिथे दुसऱ्या कुणाला मिळणार नाही, त्याच्या नावाने वर छताशी टांगलेला राहील.

ती बातमी भाच्याने मोबाईलवर पाठवली. मी बराच वेळ ती पाहत बसलो. तीस वर्षांनी का होईना, त्यांनी बोलावलं. मी काय केलं होतं? माझा विद्यार्थी माझ्या घरापासून चार किलोमीटरवर राहत होता.

मग टाळेबंदी आली. खूप माणसं गेली. २०२१ च्या थंडीत मी एकदाचा बंदरावर गेलो. तो तिथे होड्यांची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो, हे ऐकून होतो. एका उलट्या पिंपावर बसून तो इंजेक्टर साफ करत होता. चाळिशी उलटलेली, दाढीत पांढरे केस. मी थोडा वेळ लांबूनच पाहिलं. हात कामात होते तोवर मान एकदाही हलली नाही. मग त्याची नजर माझ्यावर गेली, तो धडपडून उठला आणि मानेला झटका बसला.

"सर, तुम्ही? बसा ना." त्याने फडक्याने पिंप पुसलं.

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, त्या खेळाडूचं सांगितलं, आणि ज्यासाठी आलो होतो तेही. माझा आवाज मोठा आहे, पण तो त्या दिवशी निघत नव्हता.

तो ऐकून घेत होता. म्हणाला, "जाऊ द्या सर. मारणारे तुम्ही एकटे थोडेच होता."

हे मला थपडेपेक्षा जोरात लागलं. त्याला ते कळलं असावं. चहा मागवला. मग विषय बदलावा तसं म्हणाला, "पण मी यायचो हां, सर. झेंड्याला."

"कुठे?"

"शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे. तुमचा 'सावधान' तिथपर्यंत ऐकू यायचा. तिथेच उभा राहायचो. अख्खं म्हणायचो." फडक्याला हात पुसत तो हसला. "तिथं कोणी बघायला नसायचं ना. मान फारशी हलायचीच नाही."

चहा पिऊन झाल्यावर त्याने पुन्हा इंजेक्टर हातात घेतला. मी आणखी थोडा वेळ तिथे थांबलो. बंदरावर वारा होता, समोर होड्या हलत होत्या. त्याची मान स्थिर होती.